‘बिसिनोसिस’ हा शब्द आला कुठून आणि तो नेमकं काय सांगतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे वडील सोलापुरातल्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस विंचरून पेळू करण्याच्या कामावर होते. त्यांच्या जुन्या कागदांत डॉक्टरांच्या अक्षरात ‘बिसिनोसिस’ असा शब्द सापडला. याचा अर्थ काय? तो ग्रीक आहे का? ‘ॲबिस’, म्हणजे अथांग खोली, या शब्दाशी त्याचं नातं आहे असं कुणी सांगितलं, ते खरं का? आणि हा आजार म्हणजे टीबीच का?

मी सोलापुरात छातीच्या विकारांवर उपचार करतो. माझ्याकडे येणारे बरेच रुग्ण आजही कापसाच्या, सुताच्या, तंबाखूच्या नाहीतर बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडांच्या धुळीत काम करणाऱ्या घरांतले असतात. त्यामुळे हा शब्द माझ्या रोजच्या कामातला आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घरच्यांना खरी काळजी त्याचीच असते. बिसिनोसिस म्हणजे टीबी नव्हे. हा जंतुसंसर्ग नाही, तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कच्चा कापूस, जवसाच्या खोडाचा धागा किंवा भांगेच्या खोडाचा धागा पिंजताना, विंचरताना उडणारी धूळ वर्षानुवर्षं श्वासावाटे आत गेली की श्वासनलिका आखडतात, छाती आवळल्यासारखी होते, खोकला लागतो आणि पुढे कायमची धाप लागते. या आजाराचं हे नाव. ते ग्रीक मुळाचं आहे हे खरं, पण ‘ॲबिस’शी त्याचं नातं नाही.

आता शब्दाकडे. ग्रीकमध्ये ‘बिस्सोस’ म्हणजे तलम, भारी कापड आणि ते ज्याचं विणतात तो धागा. त्यावरून ‘बिस्सिनोस’ हे विशेषण, म्हणजे बिस्सोसचं केलेलं. आपल्या शब्दातला ‘न’ तिथून आला. मूळ शब्द ग्रीकांच्या घरचा नाही, तो त्यांनी सेमिटिक भाषांकडून घेतला. हिब्रू बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात राजवाड्यातल्या उंची वस्त्रासाठी ‘बूत्स’ हा शब्द येतो, तो याचाच सोयरा.

हे कापड नक्की कशाचं, यावर बराच काळ घोळ होता. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की इजिप्तचे लोक मृतदेह धुऊन ‘बिस्सिनोस’ कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळतात. एकोणिसाव्या शतकात त्या पट्ट्यांचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा ते जवसाच्या खोडाचे, म्हणजे लिननचे निघाले. जवस आपल्याकडे चटणीत असतो, पण त्याच्या खोडातून उत्तम धागा निघतो आणि युरोपात, इजिप्तमध्ये हजारो वर्षं कपडे त्याचे होते. कापूस ग्रीकांना नवलाचा वाटे. भारतात रानटी झाडांना लोकर येते आणि ती मेंढीच्या लोकरीपेक्षा सरस असते, असं हाच हिरोडोटस सांगतो. पुढे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला ग्रीक लेखक फिलोस्ट्रेटस भारतातल्या झाडावर उगवणाऱ्या धाग्याला सरळ ‘बिस्सोस’ म्हणतो. म्हणजे एकाच शब्दात आधी जवस होता, नंतर त्यात कापूसही आला. आजाराचं नाव दोन्ही धाग्यांच्या धुळीला लागू पडतं ही म्हणूनच चांगली सोय झाली.

खुद्द कापसासाठी ग्रीकांकडे वेगळा शब्दही होता आणि तो आपला होता. संस्कृत ‘कर्पास’ ग्रीकमध्ये ‘कार्पासोस’ झाला, लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’ झाला, आणि आपल्याकडे कापूस होऊन राहिला. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्री व्यापाराच्या वाटाड्यात तगर गावाचा उल्लेख आहे. तिथून गाड्यांवर लादून कापड भडोच बंदराकडे जातं, असं तो लिहितो. तगर म्हणजे आपलं तेर, बार्शीच्या पुढे, सोलापूरपासून काही तासांच्या अंतरावर. या भागाचं कापड ग्रीक बोलणाऱ्या खलाशांच्या हातातून गेलं, त्याला दोन हजार वर्षं होत आली. सोलापूरच्या मुलांना शाळेत हे शिकवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

‘ॲबिस’चा घोटाळा का होतो ते सांगतो. ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत, अक्षरं तीच, पण स्वराघात वेगळा. एक ‘बिस्सोस’ कापडाचा, दुसरा ‘बिस्सोस’ तळाचा, समुद्राच्या खोलीचा. ‘ॲबिस’ दुसऱ्यापासून आला: ‘अ’ म्हणजे नसलेला, ‘बिस्सोस’ म्हणजे तळ. बिनतळाचा. दोन शब्दांत फक्त उच्चाराचं साम्य आहे.

शेवटचं ‘-ओसिस’ हे प्रत्ययाचं शेपूट मराठी माणसाच्या कानाला नवं नाही. स्पॉन्डिलोसिस, फायब्रोसिस, सिलिकोसिस. ग्रीकमध्ये हा प्रत्यय एखादी क्रिया चालू राहून झालेली अवस्था दाखवतो. वैद्यकात तो साधारणपणे सावकाश घडत गेलेल्या बिघाडासाठी वापरतात आणि दाहासाठी ‘-आयटिस’ वापरतात. हा भेद काटेकोर पाळला जात नाही, पण बिसिनोसिसच्या बाबतीत तो शोभतो. हा आजार एका दिवसात होत नाही, वर्षं घेतो.

हे नाव पॅरिसच्या आद्रियाँ प्रूस्त या डॉक्टरने १८७७ मध्ये सार्वजनिक आरोग्यावरच्या आपल्या ग्रंथात वापरलं. पटकीची साथ देशोदेशी कशी रोखावी यावर आयुष्य घालवलेला हा माणूस. कादंबरीकार मार्सेल प्रूस्तचे हे वडील. त्याच दशकात सोलापुरात आपली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी उभी राहत होती. तिकडे आजाराला नाव मिळत होतं आणि इकडे त्या आजाराचं कारण शहरात दाखल होत होतं.

आजार मात्र नावापेक्षा जुना. इटलीचा बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्यात जवस आणि भांगेचा धागा विंचरणाऱ्यांना लागणारा खोकला आणि दम याचं वर्णन आहे. रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत ‘तुम्ही काम काय करता?’ हा प्रश्न त्याने घातला. माझ्या मते वैद्यकाच्या इतिहासातला हा अतिशय मोलाचा प्रश्न आहे, आणि आजही तो सर्वांत कमी विचारला जातो. १८३१ मध्ये मँचेस्टरच्या जेम्स के या डॉक्टरने सूतगिरणीतल्या कामगारांच्या छातीच्या दुखण्याचं वर्णन केलं आणि त्याला ‘सूत कातणाऱ्यांचा थायसिस’ म्हटलं. थायसिस म्हणजे झिजणं. आपला ‘क्षय’ही तोच अर्थ सांगतो. म्हणजे टीबीशी गल्लत तेव्हापासूनच चालत आली आहे. मग १८४५ मध्ये बेल्जियमच्या गेंट शहरात मारेस्का आणि हेमान या दोघांनी गिरणी कामगारांना नीट विचारलं. कामगारांनी सांगितलं की धुळीचा त्रास सोमवार-मंगळवारी फार होतो आणि आठवड्याच्या शेवटी कमी होतो. या आजाराची सारी ओळख या एका वाक्यात आहे, आणि ते डॉक्टरांना कामगारांनी शिकवलं.

इथे जरा थांबून सांगायला हवं. सर्वसाधारण दम्याच्या रुग्णाला धूळ सोसत नसेल तर रोज धुळीत गेल्यावर त्याचा त्रास वाढत जातो. बिसिनोसिसमध्ये उलट होतं. सुट्टी झाली, छाती मोकळी झाली, माणूस परत कामावर गेला की पाळी सुरू झाल्यावर काही तासांत छाती आवळते. दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्याच धुळीत बराच बरा असतो. शरीर आठवड्याभरात त्या धुळीला तात्पुरतं सरावतं आणि सुट्टीत तो सराव मोडतो. पुस्तकांत याला सोमवारचा त्रास म्हणतात, आणि आपल्याकडच्या डॉक्टरांची फसगत नेमकी याच ठिकाणी होते. आपल्याकडे साप्ताहिक सुट्टी सगळ्यांची रविवारी नसते. रुग्णाला ‘सोमवारी जास्त होतं का?’ असं विचारलं तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. ‘सुट्टीनंतर पहिल्या पाळीला कसं वाटतं?’ असं विचारलं की लगेच मान डोलावतो. आणि जो रोजंदारीवर आहे, ज्याला आठवड्याची सुट्टीच नाही, त्याच्यात हा नमुना दिसतही नाही. त्याला विचारायचं असतं की दिवाळीनंतर, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर, गावाकडच्या लग्नाहून परतल्यावर काय झालं. शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू बोलणाऱ्या रुग्णांना मी हा प्रश्न तेलुगूतही विचारतो. उत्तर बहुतेक वेळा त्यांच्याबरोबर आलेली बायको देते, कारण पहिल्या दिवशी रात्रभर खोकणारा नवरा तिने पाहिलेला असतो.

१९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी याच प्रश्नावर आजाराच्या पायऱ्या बेतल्या. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी अधूनमधून छाती आवळते ती अर्धी पायरी. दर वेळी आवळते ती पहिली. इतर दिवशीही आवळायला लागली की दुसरी. आणि त्याबरोबर फुप्फुसाची ताकद कायमची घटली की तिसरी. तुमच्या वडिलांच्या कागदावर शब्दापुढे एखादा आकडा असेल तर तो बहुधा ही पायरी सांगतो.

अर्ध्या आणि पहिल्या पायरीवर माणूस धुळीतून बाहेर पडला तर सहसा सावरतो. तिसऱ्या पायरीवर औषधांनी श्वास हलका होतो, पण गेलेली ताकद परत येत नाही. म्हणून मला या आजाराचं नाव वेळेवर लिहिलं जाण्याची एवढी तळमळ आहे.

आता नावाबद्दलची माझी एक तक्रार. नाव तलम धाग्याचं आहे, त्यामुळे लोकांना वाटतं की कापसाचे तंतू फुप्फुसात जाऊन अडकतात. तसं होत नाही. तंतू लांब आणि जाड असतो, तो नाकातच अडतो. आत जाते ती बारीक धूळ, आणि त्या धुळीत कापूस थोडा, कचरा जास्त. बोंडाभोवतीची वाळलेली पानं, देठ, पाल्याचा चुरा, माती. या पाल्यावर जिवाणू वाढलेले असतात. त्यांच्या कवचातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष श्वासनलिकेत सूज आणतं, असं आजवरच्या अभ्यासांतून सर्वांत ठळकपणे पुढे आलं आहे. जिवाणू जिवंत असण्याची गरज नाही, म्हणून हा संसर्ग नव्हे. कच्चा कापूस पाण्याने धुऊन मग कातला तर त्रास कितीतरी कमी होतो. धागा तोच असतो, फक्त कचरा गेलेला असतो.

गिरणीतलं कुठलं खातं जास्त धोक्याचं, हेही यातून उलगडतं. गठाण फोडून कापूस मोकळा करणारी ब्लो रूम आणि पेळू तयार करणारं कार्डिंग, इथे कचरा झडतो. त्यातही कार्डची सफाई करणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत वाईट धूळ येते. सूत तयार झालं की पुढच्या खात्यांत ती उतरत जाते. अमेरिकेने १९७८ मध्ये कापसाच्या धुळीची मर्यादा ठरवली तेव्हा सूत तयार करणाऱ्या खात्यांत दर घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम, तर खळ लावण्याच्या आणि विणकामाच्या खात्यांत ७५० मायक्रोग्रॅम ठेवली. सूत तयार करणाऱ्या खात्यांत मर्यादा कडक, कारण तिथली धूळ जास्त विषारी. वडील कार्डिंगला होते म्हणता, तेव्हा निदान विश्वासार्ह वाटतं.

यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणणाऱ्यांना मग काहीच होत नाही का? होतं, पण बहुतेकदा वेगळं. विणकामाच्या शेडमध्ये खरा बिसिनोसिस कमी दिसतो. धुळीने होणारी जुनाट सर्दी-खोकला आणि ब्राँकायटिस जास्त. शिवाय ताण्याला लावलेल्या खळीची धूळ उडते. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये विणकरांच्या खोकल्याची एक साथ अभ्यासली गेली, तिचं मूळ चिंचोक्याच्या पिठात सापडलं. खळीसाठी वापरलेलं तेच आपल्याकडचं चिंचोक्याचं पीठ. म्हणून पूर्वभागातल्या विणकराला मी कापसाबरोबर खळीबद्दलही विचारतो: कशाची आहे, बुरशी धरलेली असते का, सुकल्यावर मागाखाली पांढरा भुगा पडतो का.

एका सवयीबद्दल आवर्जून सांगतो. पाळी संपल्यावर हवेच्या पाइपने मागावरची आणि अंगावरची धूळ उडवणं. जी धूळ खाली बसलेली असते ती या झोतात बारीक होऊन पुन्हा श्वासाच्या उंचीला येते. ओल्या फडक्याने पुसा नाहीतर यंत्राने ओढून घ्या. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही.

टीबीशी गल्लत होण्याचं दुसरं कारण एक्स-रे. सिलिकोसिसमध्ये दगडाची धूळ फुप्फुसात बसते, तिचे डाग फोटोत दिसतात. बिसिनोसिसमध्ये फोटोत ओळखण्याजोगं असं काही नसतं. खोकला आहे, वजन उतरलंय, थुंकीत जंतू सापडत नाहीत, आणि तरी टीबीच्या गोळ्या चालू आहेत, असे गिरणी कामगार इथे पूर्वी पुष्कळ होते. दोन्ही आजार एकाच माणसाला होऊ शकतात, त्यामुळे थुंकीची तपासणी टाळायची नाही. पण बिसिनोसिस ओळखायचा तो श्वास मोजून. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी आणि पाळीनंतर जोराने फुंकायला लावून, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते पाहायचं. दोन आकड्यांतली घट आजार दाखवते. एका दुपारी दवाखान्यात केलेल्या एकाच तपासणीत तो निसटू शकतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याची घट जास्त असते, आणि मग सगळा दोष विडीवर टाकून मोकळं होण्याचा मोह डॉक्टरला होतो. दोन्ही कारणं लिहावीत.

या शब्दाचे भाऊबंदही आपल्या जिल्ह्यात आहेत, म्हणून दोन वाक्यं. उसाची चिपाडं साठवून ती कुजली, बुरशी आली, आणि ती उपसताना धूळ नाकात गेली की काही तासांनी ताप, थंडी, कोरडा खोकला येतो, त्याला बगॅसोसिस म्हणतात. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे नाव प्रत्येक डॉक्टरच्या जिभेवर असायला हवं. शब्दाचा सुरुवातीचा भाग ग्रीक नाही, फक्त शेपूट ग्रीक आहे; आणि आजारही बिसिनोसिसहून निराळा, कारण तो श्वासनलिकेत नव्हे तर हवेच्या पिशव्यांत होतो. विडी वळणाऱ्या बायकांच्या तंबाखूच्या धुळीलाही पुस्तकांत असंच ‘-ओसिस’ जोडलेलं नाव आहे. सोलापुरात एकाच घरात नवरा मागावर आणि बायको विडीवर असते. तिचा खोकला तपासायला कुणी आणत नाही. कृपा करून आणा.

कागदाचं महत्त्व सांगून टाकतो. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बिसिनोसिस हा नोंदणीयोग्य आजार होता. त्या कायद्याच्या ८९ व्या कलमाप्रमाणे असा रुग्ण आढळला की व्यवस्थापकाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही सरकारी अधिकाऱ्यांना कळवायचं असे. कामगार विम्याच्या आणि नुकसानभरपाईच्या कायद्यांतही कापूस, जवस, भांगेच्या धुळीने होणारा छातीचा आजार व्यावसायिक रोग म्हणून धरला आहे. म्हणजे ‘दमा’ लिहिलं तर तो माणसाचा खासगी आजार, आणि ‘बिसिनोसिस’ लिहिलं तर तो कामाने दिलेला. ज्या डॉक्टरांनी तो शब्द लिहिला त्यांनी तुमच्या वडिलांचं काम काय ते विचारलं होतं, एवढं नक्की. आपल्या देशात पुष्कळ वर्षं असं समजलं जाई की हा आजार इथे फारसा नाहीच. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणी कापड गिरण्यांचे अभ्यास झाले तेव्हा तो समज मोडला. लहान यंत्रमाग कारखाने बहुधा या साऱ्या चौकटीबाहेरच राहतात, आणि तिथल्या कामगाराच्या कागदावर आजही ‘दमा’च लिहिलेला असतो.

वडील हयात असतील तर त्यांना छातीच्या डॉक्टरकडे नेताना तो जुना कागद, नोकरीचा काळ दाखवणारं काही, आणि कुठल्या खात्यात किती वर्षं काढली याची एक चिठ्ठी बरोबर न्या. इनहेलर देण्याआधी आणि दिल्यानंतर फुंकून मोजलेले दोन्ही आकडे लिहून घ्या. विडी चालू असेल तर ती आजच बंद करायला सांगा. आणि घरातलं दुसरं कुणी आज सूतगिरणीत किंवा जिनिंगमध्ये असेल, तर येत्या सुट्टीनंतर पहिली पाळी करून आल्यावर त्याला छातीचं कसं आहे ते विचारा.